सूर्येकाठचा क्लिपबोर्ड

मासवणला माझ्या ओळखीच्या एका मुलाचे झेरॉक्स आणि टायपिंगचे छोटे दुकान आहे. जातीच्या दाखल्याचा अर्ज, सातबाऱ्याची प्रत, ग्रामसभेचा ठराव, हळदीची आणि लग्नाची पत्रिका असे सगळे काम एकाच टेबलावर चालते. पूर्वीच्या मालकाने मागे ठेवलेल्या शेकडो फाइली त्याच्या संगणकात आहेत. त्या सगळ्या युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. त्यातला मजकूर कॉपी करून सरकारी संकेतस्थळावरच्या रकान्यात पेस्ट केला की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला उमटतो. मग तो मजकूर एखाद्या फॉन्ट बदलून देणाऱ्या पानावर न्यायचा, बदलायचा, पुन्हा कॉपी करायचा आणि मूळ जागी परत यायचे. एका अर्जात दहा रकाने असतील तर ही फेरी दहा वेळा.

एकदा तो म्हणाला, "काका, मी कॉपी केल्या केल्या आपोआप युनिकोड होईल असं काही करता येईल का? मला थोडं पायथॉन येतं."

येईल. मात्र त्यासाठी त्याच्या प्रोग्रॅमला सगळ्यात आधी एक गोष्ट कळली पाहिजे. दुसऱ्याच कुठल्या तरी खिडकीत, दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये, माणसाने आत्ता काहीतरी कॉपी केले आहे, हे ओळखायचे कसे? प्रश्न लहान दिसतो, पण संगणक आतून कसा वागतो ते त्यातून चांगले समजते. शिवाय मराठीपुरता त्यात एक खास गुंता आहे, म्हणून तो इथे नीट उलगडून सांगतो.

कापा, उचला, चिकटवा ही कल्पना सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात आकाराला आली. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' नावाच्या लेखन-प्रोग्रॅममध्ये ती वापरली. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले आणि १९८३ च्या 'लिसा' संगणकातून ती बाजारात आली. टेस्लर २०२० मध्ये वारले. आपल्या गावोगावच्या दुकानांवर 'झेरॉक्स' हा शब्द रंगवलेला असतो. त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेतली ही दुसरी देणगी त्याच दुकानात रोज शेकडो वेळा वापरली जाते.

क्लिपबोर्ड म्हणजे एक कप्पा, त्यात एक मजकूर, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिथे एकच गोष्ट अनेक रूपांत ठेवलेली असते. लग्न एकच, पण आमंत्रण कुणाला छापील पत्रिकेने जाते, कुणाला व्हॉट्सॲपवर, तर कुणाच्या दारात जाऊन तोंडी. घेणारा आपल्याला चालेल ते रूप घेतो. वर्डमधून एक ओळ कॉपी केली की वर्ड ती साध्या मजकुराच्या रूपात ठेवतो, फॉन्ट आणि जाड-तिरप्या अक्षरांसह सजवलेल्या रूपात ठेवतो आणि वेबपानाच्या रूपातही ठेवतो. नोटपॅड त्यातले साधे रूप उचलतो, दुसरा वर्ड सजवलेले. विंडोजमध्ये नेहमीच्या रूपांना ठरलेले क्रमांक आहेत. जुना साधा मजकूर १, चित्र २, युनिकोड मजकूर १३, फाइलींची यादी १५. सजवलेल्या रूपाला ठरलेला क्रमांक नसतो. त्याचे नाव विंडोजकडे सांगितले की क्रमांक मिळतो.

हे समजले की मराठी माणसाला वर्षानुवर्षे छळणारे एक कोडे सुटते. युनिकोडमधले शुद्ध मराठी एखाद्या जुन्या प्रोग्रॅममध्ये पेस्ट केले की प्रश्नचिन्हांची रांग का येते? तो जुना प्रोग्रॅम १३ क्रमांकाचे रूप मागतच नाही, १ क्रमांकाचे मागतो. ते कुणी ठेवलेले नसेल तर विंडोज स्वतः १३ वरून १ बनवून देते. पण १ क्रमांकाच्या रूपाच्या जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचांत इंग्रजी, रशियन, अरबी, थाई यांना जागा होती, देवनागरीला विंडोजने तसा संच कधी दिलाच नाही. मराठी आणि हिंदीचा आधार विंडोजमध्ये आला तोच युनिकोडवर. त्यामुळे रूपांतरात प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसते. पायथॉनमध्ये क्लिपबोर्ड वाचताना १ क्रमांकाचे रूप मागितले तर हाच अपघात होतो. मराठीसाठी वाचायचे ते १३ च.

आता मूळ प्रश्न, बदल ओळखण्याचा.

पालघरकडून मनोरच्या रस्त्याला मासवणला सूर्या नदी लागते. पावसाळ्यात नदी चढते आहे का, हे कळायचे दोन मार्ग आहेत. कुणीतरी दर थोड्या वेळाने काठावर जाऊन पाणी कुठवर आले ते पाहून यायचे, हा एक. वर धामणी धरणाचे दरवाजे उघडणार असले की प्रशासनाकडून नदीकाठच्या गावांना इशारा येतो, हा दुसरा. पहिल्यात तुम्ही विचारायला जाता, दुसऱ्यात तुम्हाला कळवले जाते. क्लिपबोर्डचेही तसेच आहे.

नवशिक्या माणूस पहिला मार्ग धरतो, आणि शिकण्यासाठी तो चांगलाच आहे. पायथॉनमध्ये 'पायपरक्लिप' नावाचे छोटे, फुकट मिळणारे साधन आहे. त्याने क्लिपबोर्डवरचा मजकूर वाचायचा, जपून ठेवायचा, अर्धा सेकंद थांबायचे, पुन्हा वाचायचा. मागचा आणि आताचा मजकूर वेगळा असेल तर बदल झाला. दहा ओळींत काम होते. पण दोन दिवस वापरल्यावर खोट दिसू लागते. तोच मजकूर माणसाने पुन्हा कॉपी केला तर या पहारेकऱ्याला काही पत्ता लागत नाही, कारण त्याच्या लेखी काहीच बदललेले नाही. चित्र कॉपी झाले तर तेही कळत नाही, कारण हे साधन फक्त मजकूरच पाहते. कुणी शंभर पानांचा मजकूर उचलला असेल तर तो दर अर्ध्या सेकंदाला आख्खा वाचला जातो. याहून मोठी अडचण म्हणजे विंडोजमध्ये क्लिपबोर्ड एका वेळी एकाच प्रोग्रॅमला उघडता येतो. तुमचा पहारेकरी सारखा दार उघडून आत डोकावत राहिला तर नेमक्या त्या क्षणी वर्डला कॉपी करायचे असेल आणि दार अडलेले असेल. मग वापरणारा म्हणतो, आज कॉपी नीट होत नाहीये. दोष कुणाचा, ते त्याला कळणारही नाही.

काठावर जाऊन पाहायचेच असेल तर विंडोजने त्यासाठी एक खूण ठेवलेली आहे. पुलाच्या खांबावर पाण्याची पातळी दाखवणारे आकडे रंगवलेले असतात, तशीच. क्लिपबोर्डवर काहीही बदलले की विंडोज एक क्रमांक पुढे सरकवते. तो वाचायला क्लिपबोर्ड उघडावा लागत नाही, त्यामुळे कुणाची वाट अडत नाही. तोच मजकूर पुन्हा कॉपी केला तरी क्रमांक पुढे जातो. पायथॉनच्या सोबतच येणाऱ्या 'सीटाइप्स' या साधनातून एका ओळीत तो विचारता येतो. फक्त क्रमांक पाहायचा, आणि तो बदलला असेल तरच दार उघडायचे. 'टीकेइंटर' वापरून खिडकी बनवणाऱ्यांना मी हाच मार्ग सुचवतो, कारण टीकेइंटरमध्ये क्लिपबोर्ड बदलल्याची सूचना मिळण्याची सोय नाही. त्यातल्या 'आफ्टर' या सोयीने दर पाव सेकंदाला क्रमांक पाहिला तर संगणकावर जाणवण्याइतका भार पडत नाही.

दुसरा मार्ग इशाऱ्याचा. याची जुनी पद्धत मोठी नाजूक होती. क्लिपबोर्डवर लक्ष ठेवू इच्छिणारे प्रोग्रॅम एका साखळीत उभे राहत. विंडोज फक्त पहिल्याला कळवायचे, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. विहिरीपासून घरापर्यंत माणसे उभी करून हंडे हातोहात पुढे द्यावेत, तसे. मधला एक जण न सांगता उठून गेला की पुढच्या सगळ्यांचे हंडे रिकामे. एक प्रोग्रॅम कोलमडला की त्याच्या पुढच्या सगळ्यांना निरोप येणे बंद व्हायचे, आणि आपल्याला निरोप येत नाही हे त्यांना समजायचेही नाही. विंडोज व्हिस्टापासून ही साखळी टाळता येते. प्रत्येक प्रोग्रॅम आपले नाव थेट विंडोजकडे नोंदवतो आणि विंडोज प्रत्येकाला स्वतंत्र कळवते. त्या निरोपाचा क्रमांक ७९७ आहे.

निरोप घ्यायला मात्र पत्ता हवा, आणि विंडोजमध्ये पत्ता म्हणजे खिडकी. पडद्यावर काहीही न दाखवणारा पायथॉन प्रोग्रॅम असला तरी त्याला एक अदृश्य खिडकी उघडावी लागते, तिच्या नावावर नोंदणी करावी लागते आणि येणारे निरोप सतत उचलत राहावे लागतात. 'पायविन३२' या साधनाने हे सगळे जमते. नवशिक्याला ते जरा खडबडीत वाटते. म्हणून ज्याला पूर्ण प्रोग्रॅम करायचा आहे, खिडकी, बटणे, मराठी पाट्या सगळे हवे आहे, त्याने सरळ 'क्यूट' वापरावे. क्यूटच्या क्लिपबोर्डला 'डेटाचेंज्ड' नावाचा संकेत आहे. तो आपल्या फंक्शनला जोडला की झाले. अदृश्य खिडकी, नोंदणी, निरोप हे सगळे क्यूट आतल्या आत सांभाळते.

दुकानातल्या मुलाने क्यूट घेतले. संध्याकाळपर्यंत त्याचा प्रोग्रॅम "कॉपी झाले" असे लिहून दाखवू लागला. तिथून पुढे खरे काम सुरू झाले, कारण क्लिपबोर्डच्या पहाऱ्यात बदल ओळखणे सोपे आणि कोणता बदल सोडून द्यायचा हे ठरवणे अवघड.

एक कॉपी म्हणजे एक निरोप असा हिशेब नसतो. एक्सेलसारखे प्रोग्रॅम एकेक रूप टाकत जातात, त्यामुळे एकाच कॉपीला दोन-तीन निरोप येऊ शकतात. म्हणून पहिला निरोप आल्यावर लगेच धावायचे नाही. सेकंदाचा दहावा हिस्सा थांबायचे, त्या वेळात आणखी निरोप आला तर पुन्हा तेवढेच थांबायचे, आणि सगळे शांत झाल्यावर एकदाच वाचायचे. वाचताना दार दुसऱ्याने धरलेले असू शकते. तेव्हा चूक दाखवून बंद पडण्याऐवजी जरा थांबून चार-पाच वेळा पुन्हा प्रयत्न करायचा. वाचायचे तेही हवे तेवढेच रूप. पुष्कळ प्रोग्रॅम कॉपीच्या वेळी सगळी रूपे तयार करत नाहीत, "मागाल तेव्हा देतो" असा नुसता शब्द देऊन ठेवतात. भरपूर काही कॉपी करून एक्सेल बंद करताना, क्लिपबोर्डवर बरीच माहिती आहे, ती ठेवायची का, असा प्रश्न पूर्वी यायचा, त्यामागे हीच गोष्ट होती. आपल्या प्रोग्रॅमने विनाकारण सगळी रूपे मागितली तर समोरच्याला ती सगळी त्याच क्षणी बनवावी लागतात आणि संगणक अडखळतो.

आणखी एक खोड सगळ्यांना एकदा तरी भोवते. आपला प्रोग्रॅम मजकूर वाचतो, युनिकोड करतो आणि क्लिपबोर्डवर परत ठेवतो. हे परत ठेवणेही बदलच, म्हणून पुन्हा निरोप येतो, पुन्हा वाचन, पुन्हा लेखन, आणि हे चक्र थांबत नाही. त्या मुलाच्या संगणकाचा पंखा घोंघावू लागला तेव्हा त्याने मला फोन केला. उपाय साधा आहे. क्लिपबोर्डवर सध्या कुणाची मालकी आहे हे क्यूट सांगते. मालक आपणच असू तर निरोप सोडून द्यायचा.

आता मराठीचा गुंता. जुन्या फॉन्टमधला मजकूर कसा ओळखायचा? युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा आहे. त्याआधीचा काळ वेगळा होता. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाण १९९१ मध्ये ठरले, पुण्याच्या सी-डॅकने आणि श्री-लिपी काढणाऱ्या मॉड्युलर इन्फोटेकने मराठी छपाई संगणकावर आणली, आणि महाराष्ट्रातली कितीतरी वर्तमानपत्रे, पुस्तके, पत्रिका त्यावर उभ्या राहिल्या. त्या कामाचे ऋण मोठे आहे. पण त्या फॉन्टमध्ये 'क' चे चित्र इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागेवर बसवलेले असे. फॉन्ट काढून घेतला की मराठी नाहीसे होते. म्हणजे १३ क्रमांकाच्या साध्या रूपात पाहिले तर पहारेकऱ्याला नुसता इंग्रजी काला दिसणार. तो खरोखर इंग्रजी आहे की दडलेले मराठी, हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही.

उत्तर दुसऱ्या रूपात आहे. वर्डने सोबत ठेवलेल्या सजवलेल्या रूपात फॉन्टचे नाव लिहिलेले असते. ते वाचायचे. नाव जुन्या मराठी फॉन्टच्या आपल्या यादीत असेल तर मजकूर मराठी, आणि कोणता तक्ता लावून बदलायचा तेही ठरले, कारण प्रत्येक घराण्याच्या फॉन्टची मांडणी वेगळी असते.

तक्ता लावूनही शब्द सरळ होत नाहीत. जुने फॉन्ट दिसण्याच्या क्रमाने लिहितात, युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. 'शिरगाव' मध्ये ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना 'श' च्या आधी दिसते, म्हणून जुन्या मजकुरात ती आधी येते. युनिकोडमध्ये आधी 'श', मग वेलांटी. रफाराचे उलट आहे. 'सूर्या' हा शब्द युनिकोडमध्ये सहा खुणांचा आहे: स, दीर्घ उकार, र, हलन्त, य, काना. 'र' उच्चारात आधी येतो म्हणून लिखाणातही आधी. जुन्या फॉन्टमध्ये रफार डोक्यावर शेवटी चढवतात, म्हणून तो अक्षराच्या मागे सापडतो. प्रोग्रॅमला तो उचलून योग्य व्यंजनाच्या आधी आणावा लागतो, आणि जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षर ओलांडून. 'दऱ्या' मधला 'र' तर आणखी वेगळा. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो, डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात आणि संगणकाला वेगळे. मजकुरांची तुलना करायच्या आधी सगळीकडे एकच प्रकार ठरवून घेतला नाही तर 'दऱ्या' शोधून 'दऱ्या' सापडत नाही.

एका गोष्टीवर माझा आणि त्या मुलाचा मतभेद झाला. त्याला सगळे आपोआप हवे होते. मी म्हटले, "अरे, पत्रिका पेजमेकरमध्ये करताना तुलाच जुन्या फॉन्टचा मजकूर इकडून तिकडे न्यायचा असतो. तोही बदलून टाकलास तर?" शिवाय आपण क्लिपबोर्ड रिकामा करून युनिकोड ठेवतो तेव्हा बाकीची सगळी रूपे पुसली जातात, जाड अक्षरे आणि तक्त्याच्या रेघाही जातात. शेवटी त्याने कोपऱ्यात एक छोटी पट्टी काढली: "जुना फॉन्ट दिसतो आहे. युनिकोड करू?" बटण दाबले तरच बदल होतो. हेच योग्य आहे असे मला अजूनही वाटते. दुसऱ्याच्या हातातली वस्तू न विचारता बदलू नये.

विंडोजबाहेर गोष्टी जरा वेगळ्या आहेत. ॲपलच्या मॅकवर बदलाचा इशारा मिळत नाही, फक्त बदलांची मोजणी मिळते, म्हणून तिथे सगळे पहारेकरी काठावर जाऊनच पाहतात. लिनक्सच्या जुन्या 'एक्स' पद्धतीत मजकूर मधल्या कप्प्यात नसतोच, कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमकडेच राहतो. तो बंद केला आणि मजकूर सांभाळणारे दुसरे कुणी नसेल की मजकूर गेला. नव्या 'वेलँड' मध्ये पडद्यामागच्या प्रोग्रॅमला दुसऱ्याचा क्लिपबोर्ड सहसा पाहूच देत नाहीत.

ही बंदी सकारण आहे, आणि लेखातले मला सगळ्यात महत्त्वाचे वाटणारे सांगणे इथेच आहे. क्लिपबोर्डचा पहारेकरी पाहतो ते सगळे. पासवर्ड, बँकेचा खाते क्रमांक, आधार क्रमांक, कुणाच्या आजाराची चिठ्ठी. असाच पहारा ठेवून पैसे पाठवण्याचा पत्ता गुपचूप बदलणारे चोर-प्रोग्रॅम आहेत. तुम्ही एक पत्ता कॉपी करता, पेस्ट होतो तो चोराचा. ॲपलने २०२० मध्ये आयफोनवर कोणते ॲप क्लिपबोर्ड वाचते आहे ते दाखवायला सुरुवात केली. अँड्रॉइडने त्याच्या आदल्या वर्षीच मागे चालणाऱ्या ॲपना क्लिपबोर्ड वाचायची मनाई केली. विंडोजवर अशी मनाई नाही, म्हणून जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर येते. पासवर्ड सांभाळणारे चांगले प्रोग्रॅम मजकुरासोबत 'हा पहाऱ्यातून वगळा' अशी खूण ठेवतात. ती दिसली तर आपण वाचूच नये. आधारचे १२ आकडे ओळखणे कठीण नाही, त्यातला शेवटचा आकडा आधीच्या ११ वरून गणिताने काढलेला तपासणीचा असतो. तसा क्रमांक दिसला की सोडून द्यावा. वाचलेले काहीही फाइलीत साठवू नये, इंटरनेटवर पाठवू नये. त्या मुलाचा प्रोग्रॅम हे पाळतो. लोकांचा मजकूर आता फॉन्ट बदलण्यासाठी कुठल्याही परक्या पानावर जात नाही.

एक सोय मात्र विंडोजमध्येच बसलेली आहे. २०१८ च्या अखेरपासून विंडोज १० मध्ये क्लिपबोर्डचा इतिहास ठेवता येतो. विंडोजची कळ आणि 'व्ही' एकत्र दाबले की मागच्या २५ पर्यंत गोष्टी समोर येतात. घरच्या संगणकावर ही सोय उत्तम आहे. ज्या टेबलावर दिवसभरात पन्नास घरांचे कागद येतात, तिथे सकाळच्या माणसाचा आधार क्रमांक दुपारच्या माणसासमोर उघडा पडू शकतो. संगणक पुन्हा सुरू केल्यावर ही यादी पुसली जाते, पण टाचून ठेवलेल्या गोष्टी राहतात.

तुमचे असे दुकान किंवा सेवा केंद्र असेल तर आजच विंडोजची कळ आणि 'व्ही' दाबून पाहा. यादी दिसली तर 'क्लिअर ऑल' करा, टाचलेले हाताने काढा आणि सेटिंगमध्ये जाऊन हा इतिहास बंद करा. आणि तुम्ही गिऱ्हाईक असाल तर काम झाल्यावर तेवढे करायला सांगा. त्यात संकोच करू नका, कागद तुमचा आहे.